रीमा लागू यांची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीमा हे त्यांचं मूळ नाव का?

नाही. माहेरचं नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री, त्यामुळे तालमी, विंगा आणि रंगपटाचा वास घरातलाच. शाळा पुण्याची हुजूरपागा. अभिनेते विवेक लागू यांच्याशी १९७८मध्ये लग्न झालं आणि नयनच्या रीमा लागू झाल्या. पुढे दोघे वेगळे झाले, पण तोवर रसिकांच्या तोंडी हेच नाव बसलं होतं. मुलगी मृण्मयी लेखन-दिग्दर्शनात आहे. ‘थप्पड’ (२०२०) या हिंदी चित्रपटाच्या लेखनात तिचा वाटा आहे.

जुने चित्रपट शोधताना एक अडचण हमखास येते. श्रेयनामावलीत त्यांचं नाव एकसारखं छापलेलं नाही. कुठे नुसतं ‘रीमा’, कुठे ‘रिमा’, आडनावाची इंग्रजी अक्षरंही दोन-तीन तऱ्हांची. एका नावाने काही सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा, आणि तरीही मिळालं नाही तर चित्रपटाच्या नावाने.

डॉ. श्रीराम लागूंच्या त्या कोण? मुलगी की सून?

दोन्ही नाही. आडनाव एक, एवढंच. ते त्यांना विवेक लागूंकडून मिळालं.

हा गोंधळ इतका चिवट का, याला मात्र एक गमतीचं कारण आहे. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) डॉ. लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत आणि रीमा त्यांच्या सुनेच्या भूमिकेत. पडद्यावरची सून, आडनाव तेच. लोकांनी हिशेब घरी जाऊन पूर्ण केला.

त्या बँकेत नोकरीला होत्या हे खरं का?

हो. १९७९पासून सुमारे दहा वर्षं मुंबईत युनियन बँक ऑफ इंडियामध्ये. ही बाब चरित्रात एका ओळीत उरकली जाते, पण त्या काळच्या मराठी नटांची आर्थिक घडण समजायची तर इथेच थांबायला हवं. हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीवर पोट भरत नसे. व्यावसायिक नाटकात ‘नाइट’ मिळे, म्हणजे प्रयोगागणिक पैसे. प्रयोग रद्द झाला की पैसेही गेले. महिन्याचा ठरलेला पगार, आंतरबँक नाट्यस्पर्धांसाठी मिळणारी सवलत आणि संध्याकाळ मोकळी, अशा तिहेरी सोयीमुळे बँका ही मराठी कलावंतांची मोठी आश्रयदाती होती. रीमा लागूही आंतरबँक सांस्कृतिक कार्यक्रमांत वावरत होत्या.

सालं जुळवून पाहा. ‘सिंहासन’, ‘आक्रोश’ (१९८०), ‘कलयुग’ (१९८१), ‘खानदान’ मालिका (१९८५), ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) हे सगळं नोकरीच्या काळातलं. ‘मैंने प्यार किया’ डिसेंबर १९८९चा. तो चालल्यावर नोकरीची गरज उरली नाही.

रंगभूमीवर त्यांची ओळख कशामुळे?

मुख्यतः दोन नाटकांमुळे, आणि दोन्हींत ‘सोशिक आई’चा मागमूस नाही.

‘पुरुष’ हे जयवंत दळवींचं नाटक, दिग्दर्शन विजया मेहतांचं. गुलाबराव हा मस्तवाल पुढारी नाना पाटेकरांनी केला, आणि त्याच्या अत्याचाराला बळी पडूनही न मोडणारी शिक्षिका अंबिका रीमा लागूंनी. शेवटी अंबिका त्याच्यावर जो सूड उगवते, तो ऐंशीच्या दशकातल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या पचनी सहज पडणारा नव्हता. या भूमिकेतला धोका असा की नटी पहिल्या अंकापासूनच पेटलेली दिसली तर शेवटचा घाव बोथट होतो. राग साठवत न्यावा लागतो.

‘सविता दामोदर परांजपे’ हे शेखर ताम्हाणे यांचं. यात कुसुम ही गृहिणी आणि तिच्या अंगात संचारलेली सविता, अशा दोन बायका एकाच देहात. इथे कपडेपट किंवा रंगभूषा मदतीला येत नाही, कारण बदल प्रेक्षकांसमोर, भर रंगमंचावर घडतो. आवाजाची पट्टी, मानेचा कोन, चालण्याचं वजन एवढ्यावरच सगळं. याच नाटकावरून २०१८मध्ये मराठी चित्रपट आला; त्यात ही भूमिका तृप्ती तोरडमल यांनी केली. चित्रपटाला कट मारता येतो. नाटकात तो मारता येत नाही, हे दोन्हींची तुलना करताना विसरू नये.

तिशीतच आईच्या भूमिका का घेतल्या?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. आधी आकडे बघू.

‘मैंने प्यार किया’ प्रदर्शित झाला तेव्हा त्या ३१ वर्षांच्या होत्या आणि त्यांचा मुलगा झालेले सलमान खान २४ वर्षांचे. अंतर साडेसात वर्षांचं. ‘कयामत से कयामत तक’मध्ये जुही चावला त्यांची मुलगी: अंतर नऊ वर्षं. ‘हम आपके हैं कौन’मध्ये माधुरी दीक्षित, तिथेही नऊच. ‘गुमराह’मध्ये (१९९३) श्रीदेवी, अंतर पाच. ‘कल हो ना हो’मध्ये (२००३) शाहरुख खान, सात. आणि ‘वास्तव’मध्ये (१९९९) संजय दत्त, जे त्यांच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान. खऱ्या आईच्या वयाला थोडीफार जवळ जाईल अशी मुलगी म्हणजे ‘कुछ कुछ होता है’मधली काजोल, आणि तिथेही फरक सोळा वर्षांचाच.

आता कारण. त्या काळच्या हिंदी चित्रपटात तिशीपुढच्या, लग्न झालेल्या, नृत्याची तयारी नसलेल्या अभिनेत्रीला नायिकेची जागा नव्हती. वहिनी, मैत्रीण, खलनायिका आणि आई एवढेच खण होते. त्यात आईच्या खणात काम सतत होतं. दुसरं कारण मागणीच्या बाजूचं. १९८८-८९मध्ये नायक अचानक विशी-बाविशीचे झाले. साठीची, पांढऱ्या लुगड्यातली, शिलाई मशीनवर वाकलेली आई या पोरांना शोभेना. निर्मात्यांना चाळिशीतली, नीटनेटक्या साडीतली, मुलाशी थट्टा करणारी आई हवी होती, आणि ती साकारायला तिशीतली नटी लागते. रीमा लागू नेमक्या तिथे होत्या.

तोटाही झाला, तो सांगायला हवा. एकदा हा शिक्का बसल्यावर ‘कलयुग’मध्ये बेनेगलांना किंवा ‘आक्रोश’मध्ये निहलानींना दिसलेली अभिनेत्री हिंदीवाल्यांना परत फारशी दिसली नाही. ‘आक्रोश’मध्ये त्या नाचणारीच्या छोट्या भूमिकेत आहेत, नंतरच्या कौसल्यामाता डोळ्यांसमोर ठेवून तो प्रसंग पाहिला तर ओळख पटायला क्षण लागतो.

पण त्यांच्या सगळ्या आया सारख्याच नाहीत का?

कपडेपट सारखा आहे. माणसं सारखी नाहीत.

‘मैंने प्यार किया’ची कौसल्या नवऱ्यापुढे थेट उभी राहत नाही, ती मुलाच्या बाजूने घरात गुपचूप जागा करून देते. ‘हम आपके हैं कौन’ची मधुकला मुलींची आई आहे, त्यामुळे तिच्या हसण्याखाली पाठवणीची हुरहूर आधीपासून आहे. ‘हम साथ साथ हैं’ची (१९९९) ममता तर सरळ कैकेयी: मैत्रिणी तिचे कान भरतात आणि ती सावत्र थोरल्याला घराबाहेर काढायला भाग पाडते. ज्या ‘राजश्री’ बॅनरने त्यांना देशाची लाडकी आई केलं त्याच बॅनरने तिला वाकडं वागायला लावलं. प्रेक्षकांनी तिचा पूर्ण दुस्वास केला नाही, कारण आधीची दहा वर्षांची पुण्याई कामी आली. निवड करणाऱ्याने हे ओळखलं होतं.

मग ‘निदान’ (२०००). मुलीला एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलेल्या मराठी घरातली आई. ‘वास्तव’प्रमाणे इथेही शिवाजी साटम जोडीला आणि दिग्दर्शक महेश मांजरेकर. कमी पाहिला गेलेला चित्रपट आहे.

आणि उलट्या दिशेचं एक उदाहरण: ‘रुई का बोझ’ (१९९७). इथे त्या पंकज कपूर यांनी रंगवलेल्या म्हाताऱ्या बापाच्या सूनबाई आहेत. ती दुष्ट नाही, फक्त घर चालवून दमलेली आहे, आणि तिचं दमणं म्हाताऱ्याला अपमान वाटतं. ‘सगळ्या आया सारख्या’ म्हणणाऱ्यांनी हा आधी बघावा.

‘वास्तव’मधलं काम एवढं का वाखाणतात?

(शेवट माहीत नसेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.)

शांता ही चाळीतली बाई. नवरा निवृत्त, मुलगा रघू पावभाजीच्या गाडीवरून थेट गुन्हेगारीत गेलेला. शेवटी रघू नशेने आणि भीतीने पार चुरा झालेला असतो, तो आईच्या हाती पिस्तूल देऊन सुटका मागतो, आणि ती गोळी झाडते. ‘मदर इंडिया’पासून हिंदी चित्रपटाला मुलाला मारणारी आई ठाऊक आहे, पण तिथे ती न्यायासाठी मारते. शांताला न्यायाशी देणंघेणं नाही. तिला पोराचं तडफडणं बघवत नाही.

हा प्रसंग पुन्हा बघताना आवाज बंद करा. लक्ष तिच्या चेहऱ्याऐवजी खांद्यांवर ठेवा. चित्रपटभर शांता कामात असते, वाढते, आवरते, उठते-बसते. त्या कामसू देहाची सवय झालेली असल्यामुळे शेवटी तो थांबतो तेव्हा वेगळा भासतो. याला तयारी दोन तास आधीपासून लागते. मधला प्रसंग हवा असेल तर रघू गळ्यातली पन्नास तोळ्यांची साखळी मिरवतो तो पाहा. सगळ्या देशाने संजय दत्तची नक्कल केली. समोर सोन्याकडे न बघता पोराकडे बघणारी बाई कुणाच्या लक्षात राहिली नाही.

‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’ या दोन मालिकांत नेहमी गोंधळ होतो. फरक काय?

दोन्ही १९९४च्या, दोन्ही विनोदी, दोन्ही दूरदर्शनच्या घरातल्या. गोंधळ साहजिक आहे.

‘श्रीमान श्रीमती’ दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर. निर्मिती अधिकारी बंधूंची, दिग्दर्शन राजन वाघधरे. शेजारी-शेजारी दोन जोडपी: केशव कुलकर्णी (जतीन कनाकिया) आणि कोकिला, म्हणजे ‘कोकी’ (रीमा लागू), पलीकडे प्रेमा शालिनी ही सिनेनटी (अर्चना पूरनसिंग) आणि तिचा नवरा दिलरुबा (राकेश बेदी). केशवला प्रेमाचं वेड, दिलरुबाला कोकीचं. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही पुन्हा दाखवली, म्हणून नव्या पिढीलाही ठाऊक.

‘तू तू मैं मैं’ आधी डीडी मेट्रोवर आणि नंतर स्टार प्लसवर, २०००पर्यंत. दिग्दर्शन सचिन पिळगांवकर. सासू देवकी (रीमा लागू), सून राधा (सुप्रिया पिळगांवकर). बाकी सगळं पुरुषमंडळ या दोघींच्या मधे सापडलेलं.

आठवायला सोपी खूण: शेजारी असतील तर ‘श्रीमान’, सून असेल तर ‘तू तू’.

विनोदात त्यांचं नेमकं कौशल्य कोणतं?

थांबणं.

नाटकात हशा आला की नट थांबतो, हशा उतरू लागला की पुढचं वाक्य टाकतो. हशा समोर ऐकू येत असतो, त्यामुळे हे सवयीने जमतं. नव्वदच्या दशकातल्या विनोदी मालिकांत हशा नंतर, संकलनात, ध्वनिफितीवरून चढवला जाई. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी नटाने न आलेल्या हशासाठी जागा सोडायची. जागा कमी पडली तर पुढचं वाक्य हशाखाली बुडतं. जास्त झाली तर दोन माणसं एकमेकांकडे उगाच बघत उभी दिसतात. नाटकातून आलेले कित्येक चांगले नट इथे चुकतात आणि मग ती भरपाई आवाज चढवून करतात.

देवकीकडे बघा. तिच्या हातात त्या मोकळ्या क्षणी काहीतरी काम असतं. पदर नीट करणं, डबा बंद करणं, चष्म्यावरून एक नजर. हशा आला तरी ठीक, नाही आला तरी बाई कामात आहे. दुसरं, भांडताना ती पट्टी चढवत नेत नाही. सून वर गेली की सासू खाली येते, अगदी गोड होते, आणि टोमणा त्या गोडव्यात बसवते. सुप्रिया पिळगांवकरही तितक्याच तयारीच्या, त्यामुळे चेंडू दोन्ही बाजूंनी तितक्याच जोरात परततो. एकटी कितीही तयार असली तरी जुगलबंदी होत नाही.

पुढे ‘झी मराठी’वर ‘तुझं माझं जमेना’ (२०१३) ही मराठी सासू-सुनेची मालिका त्यांनी मानवा नाईकसोबत केली.

फिल्मफेअर किती मिळाली?

एकही नाही. साहाय्यक अभिनेत्रीसाठी चार नामांकनं: ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’. त्या-त्या वर्षी बाहुली गेली ती अनुक्रमे राखी (‘राम लखन’), रोहिणी हट्टंगडी (‘अग्निपथ’), डिंपल कपाडिया (‘क्रांतिवीर’) आणि सुश्मिता सेन (‘बीवी नं. १’) यांच्याकडे. पहिल्या तिघींबद्दल वाद घालता येईल. ‘वास्तव’च्या वर्षी मात्र परीक्षकांचं चुकलं, असं आमचं मत आहे.

मराठी चित्रपटांतलं काय बघावं?

‘सिंहासन’ झालाच. पुढचं निवडून: ‘जन्म’ (२०११), वीणा जामकर यांच्यासोबत. गजेंद्र अहिरे यांचा ‘अनुमती’ (२०१३), ज्यासाठी विक्रम गोखले यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यात रीमा लागूंची अंबू ही नायकाची जुनी मैत्रीण, भूमिका छोटी पण चित्रपटाचा श्वास बदलणारी. आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५), जिथे त्या दिसतच नाहीत. कथा सांगणाऱ्या कट्यारीचा आवाज त्यांचा आहे. अनेकांनी चित्रपट तीन-चारदा पाहूनही हे ओळखलेलं नसतं.

काहीच पाहिलेलं नसेल तर कोणत्या क्रमाने पाहावं?

प्रदर्शनाच्या क्रमाने जाऊ नका; सलग सहा आया बघून कंटाळा येईल. पहिल्यांदा ‘तू तू मैं मैं’चे चार-पाच भाग, म्हणजे लय कळेल. लगेच ‘वास्तव’, म्हणजे तीच बाई लय मोडून दाखवते. मग ‘मैंने प्यार किया’. आता तिच्यातली मजा वेगळी दिसेल. त्यानंतर ‘रुई का बोझ’ आणि ‘सिंहासन’. ‘हम साथ साथ हैं’ शेवटी, आणि तेही ‘मैंने प्यार किया’ पाहिल्याशिवाय नकोच.

अभिनय शिकणाऱ्यांनी त्यांच्या कामावर सराव कसा करावा?

दोन-तीन मिनिटांचा एकच तुकडा घ्या, शक्यतो जिथे त्यांना संवाद कमी आहेत. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून त्या कुठे बघतात तेवढंच कागदावर उतरवा: माणूस, वस्तू, दार, जमीन. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐका आणि श्वास कुठे घेतला तिथे खूण करा. मग तो प्रसंग स्वतः करा, पण रडणं वर्ज्य.

बहुतेकांचा घोळ रडण्यातच होतो. आईची भूमिका म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आधी येतं, आणि नट रडून मोकळा झाला की प्रेक्षकाला रडायला काही उरत नाही. दुसरी चूक ‘वय दाखवण्याची’: वाकणं, कापरा आवाज, गुडघ्यावर हात. रीमा लागूंनी तिशीत चाळीस-पन्नासची बाई केली ती याशिवाय. त्यांनी वेग किंचित कमी केला आणि वळताना आधी डोळे, मग मान, मग धड असा क्रम ठेवला. तरुण माणूस हे तिन्ही एकदम वळवतो. आरशासमोर करून बघा, फरक लगेच कळतो.

त्यांच्यावर लेख लिहिताना कुठल्या चुका टाळाव्यात?

वय. मृत्युलेखांत कुठे ५८, कुठे ५९ छापलं आहे. २१ जून १९५८ धरलं तर १८ मे २०१७ला त्यांना ५९ पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. ‘लागू घराण्याची लेक’ लिहू नका, आणि ‘मैंने प्यार किया’ला पहिला चित्रपट म्हणू नका, तो दहा वर्षांनंतरचा आहे. मालिकांच्या पात्रांची अदलाबदल वर सांगितलीच. ‘दूरदर्शनवरून सिनेमात’ हा क्रमही उलटा आहे. नाटक, मग चित्रपट, मग मालिका.

शेवटचं काम कोणतं?

मालिकांत ‘नामकरण’ (स्टार प्लस). त्यात त्या दयावंती मेहता होत्या, घरावर हुकूमत गाजवणारी, करड्या अंतःकरणाची बाई. ‘लाडकी आई’ला शेवटी मिळालेली खलभूमिका. १७ मे २०१७च्या संध्याकाळपर्यंत त्यांनी या मालिकेचं चित्रीकरण केलं. रात्री छातीत दुखू लागलं, अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयात नेलं आणि १८ तारखेच्या पहाटे हृदयविकाराने त्या गेल्या. दैनंदिन मालिका थांबत नसते. दयावंतीची भूमिका पुढे रागिणी शहा यांनी केली.

चित्रपटगृहात त्या त्यानंतरही आल्या. हृषीकेश जोशी दिग्दर्शित ‘होम स्वीट होम’ सप्टेंबर २०१८मध्ये प्रदर्शित झाला. नवरा मोहन जोशी, वर्षानुवर्षांचं जुनं घर, आणि ते विकून मोठ्या घरात जायचा हट्ट धरलेली बायको रीमा लागू.